पडद्यावरचा नर मादीला कसा दिसतो?

मादी मासे कोणता नर पसंत करतात, हे त्यांना पडद्यावर ॲनिमेशनचा नर दाखवून तपासणाऱ्या प्रयोगांवरचा लेख आवडला. पण ‘ॲनिमेशनचा नर दाखवला की मादीची आवड थेट मोजता येते’ हे त्यातलं वाक्य फारच घाईचं वाटलं.

ॲनिमेशनचा फायदा मोठा आहे, यात वादच नाही. जिवंत नर घेतले तर लांब शेपटीचा नर अंगानेही मोठा असू शकतो, मादी दिसताच जास्त हालचालही करू शकतो. मग ती नेमकी कशाला भुलली, हे ठरवायचं कसं? जर्मनीतल्या झीगेन विद्यापीठात मॉली माशांवरच्या प्रयोगांसाठी केलेल्या ‘फिशसिम’ या संगणक प्रणालीत आभासी मासा गेम कंट्रोलरने पोहवतात. पोहणं तेच ठेवून फक्त रूप बदलता येतं.

अडचण रंगांची आहे. पडदा लाल, हिरवा, निळा या तीन रंगांवर चालतो आणि तो माणसाच्या डोळ्यासाठी बनलेला असतो. बऱ्याच माशांना अतिनील प्रकाशही दिसतो. मेक्सिकोतल्या स्वोर्डटेल माशांच्या एका जातीत नराच्या अंगावर अतिनील खुणा असतात. मादीला त्या दिसतात, पण या माशांना खाणाऱ्या टेट्रा माशाची नजर त्या प्रकाशाला तितकी तेज नसते. अशी खूण पडद्यावर उमटतच नाही! त्यामुळे मादी त्या चित्राकडे फिरकली नाही, तर तिला नर नापसंत होता असं म्हणता येत नाही.

म्हणून जिवंत नर, ॲनिमेशन आणि रिकामा पडदा या तिन्हींपाशी मादी किती वेळ थांबली, हे आधी तपासावं लागतं. लेखात ती तुलना यायला हवी होती.