सासरी जायचंय? परत येणार याचा पुरावा आणा

आज सकाळी साडेआठची अपॉइंटमेंट होती जर्मनीच्या व्हिसासाठी, व्हिसा सेंटरला. सात वाजता रिक्षा पकडली, पावणेआठला बाहेर रांगेत उभी, काखेत फाइल, आणि फाइलमध्ये माझं अख्खं आयुष्य झेरॉक्स मारून. तीन वर्षांचे आयटीआर, तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, ३०,००० युरोचा इन्शुरन्स, मॅरेज सर्टिफिकेट, जर्मन नवऱ्याच्या पासपोर्टची कॉपी, लेकीच्या पासपोर्टची कॉपी, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे दोन फोटो ज्यात मी नेहमीप्रमाणे नुकतीच पकडून आणल्यासारखी दिसते.

काउंटरवरचा मुलगा चोवीस-पंचवीसचा असेल. पानं उलटता उलटता म्हणाला, "मॅडम, परपज?" म्हटलं सासरी जायचंय. तो हसला वगैरे नाही. "म्हणजे व्हिजिटिंग फॅमिली. बोलावणारं कोण?" म्हटलं सासू. "त्यांचं हमीपत्र ओरिजिनल लागेल." म्हटलं अरे त्या ८१ वर्षांच्या आहेत, नोव्हेंबरमध्ये खुब्याचं हाड मोडलंय, तेच बघायला तर चाललेय. तो म्हणाला, "मग तुमचे इंडियातले टाइज दाखवा. जॉब लेटर नाही, लीव्ह लेटर नाही, प्रॉपर्टी तुमच्या नावावर नाही. परत याल कशावरून?"

परत याल कशावरून!

तेव्हापासून डोकं फिरलंय माझं. त्या पोराचा काही दोष नाही, त्याला चेकलिस्ट दिलीय आणि तो टिका मारतोय. पण मला सांगा, लग्नात आजीने मला जवळ घेऊन काय सांगितलं होतं? तुमच्याही आज्यांनी तेच सांगितलं असेल. आता सासर हेच तुझं घर, उठसूट परत यायचं नाही. आणि इथे मी बेचाळीस वर्षांची घोडी, त्याच सासरी जायला निघालेय, तर काचेपलीकडचा माणूस म्हणतो परत येणार याचा पुरावा काय. गौरीसुद्धा तीन दिवसांनी परत जाते, पण तिच्याकडे कोणी रिटर्न तिकीट मागितलेलं मी तरी ऐकलं नाही.

माझे टाइज हवेत ना, घ्या. मी घरी जर्मनचे क्लास घेते, संध्याकाळी साडेसहाची बॅच आहे, अकरा मुलं आहेत, त्यातल्या चार जणींची एप्रिलमध्ये ए-वन, म्हणजे पहिल्या पातळीची परीक्षा आहे. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय गेल्या वर्षी, तिची औषधं मी भरते. नवरा इथे, चाकणला नोकरी, दहा वर्षं झाली, तिखट मिसळ खातो आणि पुण्याच्या बसला पीएमटी म्हणतो, पीएमपीएमएल नाही. लेक इथे शाळेत. एक कुत्रा आहे जो मी दोन दिवस दिसले नाही तर जेवत नाही. यातलं एकही अपलोड करता येत नाही. फ्लॅट बाबांच्या नावावर असल्यामुळे माझं या देशात काही नाही म्हणे.

२०१७ मध्ये तर नकारच आला होता. लग्नाला वर्ष झालं होतं, पहिल्यांदा सासर बघायला निघालेले, नवरा सुट्टी टाकून बसलेला, आईने सासूबाईंसाठी पैठणी घेऊन ठेवलेली. आणि पासपोर्टबरोबर एक छापील कागद आला, त्यावर कारणांची यादी आणि एका चौकोनात फुली. मुदत संपायच्या आत तुमचा परत जायचा इरादा आहे याची खात्री पटली नाही. खात्री! म्हणजे नवरा जर्मन आहे हीच शंका. कुणीच नसतं तिकडे, चार दिवस राजवाडे बघून आले असते, तर मी जास्त विश्वासू. आज माझ्या मागे रांगेत एक जोडपं होतं, दहा दिवसांत सहा देश, एजंटने सगळं बाइंड करून दिलेलं, वीस मिनिटांत बाहेर. जा बाबांनो, मजा करा, माझं काही म्हणणं नाही (आहे).

तर तो नकार आला आणि सासूबाई पेटल्या. सासूबाई म्हणजे मी त्यांना नावानेच हाक मारते, तिकडे तीच पद्धत, पण आईसमोर नाव घेतलं की ती डोळे वटारते म्हणून सासूबाई. हार्झच्या डोंगरांच्या पायथ्याला छोटं गाव आहे त्यांचं, जिल्ह्याच्या ठिकाणी जायला बस, ती पण दिवसातून मोजून चार-पाच. ७२ वर्षांच्या बाई पेन्शनचे कागद घेऊन, त्या बसने, परदेशी नागरिकांच्या ऑफिसात गेल्या, नंबर घेऊन बसल्या. तिथे हमीपत्र करावं लागतं, जर्मन भाषेत त्याचा शब्द इतका लांब आहे की मी माझ्या बॅचला तो फळ्यावर लिहून दाखवते, फेरप्फ्लिश्टुंग्स-एर्कलेरुंग. २९ युरो फी. त्यात लिहून द्यायचं की या बाईवर सरकारचा एक युरो जरी खर्च झाला, दवाखान्यासकट, तर तो माझ्याकडून वसूल करा.

आणि तिथल्या क्लार्कने त्यांना विचारलं, तुमचं या व्यक्तीशी नातं काय.

त्या म्हणाल्या, ही माझी सून आहे, दर रविवारी मला फोन करते, माझा मुलगा करत नाही.

हे मला त्यांनी फोनवर सांगितलं, अगदी कोरड्या आवाजात, वर म्हणाल्या त्याने हे फॉर्ममध्ये लिहून घेतलं नाही. मी इकडे बाथरूममध्ये जाऊन रडले होते. अजून ती गोष्ट कुणाला सांगायला घेतली की गळ्यात येतं काहीतरी. माझ्यासाठी कुणी जामीन राहिलंय, आणि ते पण माहेरच्या कुणी नाही, सासूने.

असो. परत चिडायचंय मला, थांबा.

मुद्दा असा की आम्ही घरात तीन माणसं आणि तीन कायदे. लेकीला जर्मन पासपोर्ट, ती उद्या सकाळी उठून ओमाकडे, म्हणजे तिकडच्या आजीकडे, जाऊ शकते. नवरा तर तिथलाच. राहिले कोण? मी. शाळेला सुट्टी लागली की सगळ्यांच्या बॅगा भरते मी, आणि कागद नाही म्हणून घरी राहण्याची टांगती तलवार पण माझ्यावरच. वर गंमत ऐका. आम्ही तिघं मिळून स्पेनला गेलो ना, तर मला युरोपियन नागरिकाची बायको म्हणून वेगळा नियम, २००४ चा युरोपियन युनियनचा कायदा आहे, व्हिसा लागतो पण फुकट, लवकर द्यायचा, आणि नोकरी काय, पैसे किती हे विचारायचंच नाही. फॉर्मवर काही प्रश्नांपुढे छोट्या चांदण्या असतात बघा, खाली तळटीप असते की हे प्रश्न अशा बायका-नवऱ्यांनी भरू नयेत. पण ते कधी, तर नवरा स्वतःच्या देशाबाहेर दुसऱ्या सदस्य देशात जात असेल तर. त्याच्या स्वतःच्या देशात, त्याच्या स्वतःच्या आईकडे, नाही! तिथे त्या चांदण्या माझ्या कामाच्या नाहीत. म्हणजे जर्मन माणसाची बायको म्हणून मला स्पेनमध्ये जास्त मान आहे. ज्याने कुणी हे केलंय त्याच्या घरी बहुतेक सून नसावी.

आता लगेच येतील कमेंट की आपलं सरकार काय कमी आहे का. नाहीये कमी, मान्य. विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं तेव्हा ३० दिवस आमच्या नावाची नोटीस ऑफिसच्या बोर्डावर लटकत होती, नवऱ्याला तिकडून तो अविवाहित असल्याचा कागद आणावा लागला, नंतर परदेशी नोंदणीच्या ऑफिसच्या चकरा, दर वेळी एक कागद कमीच. सगळं खरं. पण लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली, सुरक्षा तपासणी वगैरे झाली, आणि त्याला ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड मिळालं. आजीवन. कधीही या, कधीही जा. जावई दशमग्रह म्हणतात, आपण त्या ग्रहाला कायमचा पासच काढून दिला. (लग्न मोडलं तर कार्ड जातं, हे मी त्याला अधूनमधून आठवण करून देते.) २०२३ च्या अधिक महिन्यात आईने त्याला ३३ अनारसे दिले चांदीच्या ताटात, आणि तो ते दोन दिवसांत संपवून परत मागायला गेला, तर तिने नाही विचारलं की परत जाणार कशावरून.

आणि हो, मला कळतं की लोक खरंच व्हिजिटवर जाऊन तिथेच राहायचा प्रयत्न करतात. कायमचं राहायला जायचं तर वेगळा व्हिसा असतो, त्याला बहुतेकींना ए-वन जर्मन लागतं, माझ्या क्लासची अर्धी कमाई त्यावरच होते, मी कुठल्या तोंडाने बोलू. पण दहा वर्षं नवराच इथे राहतोय ना! मी तिकडे राहून काय करू, नवऱ्याला चाकणला ठेवून सासूबरोबर बटाटे सोलू? एवढं तरी डोकं लावा.

माझी एक मैत्रीण काठमांडूला दिलीय. मतदार कार्ड पर्समध्ये टाकते आणि विमानात बसते. रोटी-बेटीचं नातं आहे म्हणे. १९५० चा करार, मोकळी सीमा. आमच्यातही रोटी आहे की, सासूबाई स्वतः राईचा ब्रेड भाजतात आणि मी तो वांग्याच्या भरताबरोबर खाते. करार मात्र नाही.

आणि दुसऱ्या बाजूला, २०२५ च्या एप्रिलमध्ये सीमा बंद झाली तेव्हा अटारीला, भारत-पाकिस्तान सीमेवर, जे दिसलं ते बघितलं की लाज पण वाटते. बाई एका पासपोर्टची, मूल दुसऱ्या, गेटवर ताटातूट. ते आठवलं की मी गप्प बसते. दहा मिनिटं. मग परत तो मुलगा आठवतो, परत याल कशावरून.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो माहितीये? "तुझं काय बाई, नवरा गोरा, तुला कसला व्हिसा" असं म्हणणाऱ्यांचा. सोसायटीतल्या काकू लिफ्टमध्ये दर वेळी म्हणतात. आज पण म्हणाल्या, फाइल हातात बघून, "झालं का तुमचं, तुम्हाला काय लगेच देत असतील." मी नुसती हसले. चौथ्या मजल्यापर्यंत हसत राहिले. २०१८, २०२२, २०२४, दर वेळी पहिल्यापासून सुरुवात, दर वेळी तेच मॅरेज सर्टिफिकेट, जणू मधल्या काळात आमचं लग्न शिळं होतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये भारतीयांसाठी नवीन नियम आला, तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मिळू शकतो, मग पाच वर्षांचा. चांगला नियम आहे, कौतुक करते. पण २०२५ आईच्या गुडघ्यात गेलं, त्यामुळे माझ्या तीन वर्षांत एकच बसतो. म्हणजे आईची सेवा केली म्हणून सासूकडे जायला उशीर. आणि या वेळी नकार आला तर? आधी निदान एक पत्र लिहून "पुन्हा विचार करा" म्हणता यायचं, फुकटात, २०१७ ला आम्ही तेच केलं होतं, सासूबाईंच्या हमीपत्रासकट. १ जुलै २०२५ पासून ते पण बंद. आता एकतर नवीन अर्ज करा नाहीतर बर्लिनच्या कोर्टात जा. हो, जाते ना, साडेसहाची बॅच संपली की निघते बर्लिनला.

तर आज काय केलं, तो मुलगा म्हणाला कागद अपुरे आहेत, तुमच्या जबाबदारीवर जमा करता का, इथे सही करा. पेन हातात घेतलं होतं मी. मग ती २०१७ ची फुली आठवली आणि फाइल उचलून घरी आले. रिक्षावाल्याने विचारलं झालं का काम, त्याला पण तोडून बोलले, सॉरी दादा.

दुपारी सासूबाईंना फोन केला. नाही म्हणजे सांगणारच नव्हते, पण त्यांना आवाजावरून कळतं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या, थांब. खुर्ची सरकल्याचा आवाज, मग वॉकरचा, टक, टक, किती वेळ. मी ओरडतेय इकडून, अहो बसा, उठू नका. मग कपाट उघडल्याचा आवाज. जर्मन लोकांकडे त्या जाड फायली असतात ना, ओर्डनर म्हणतात, प्रत्येकाच्या पाठीवर लेबल, वीज, घर, इन्शुरन्स. तर त्यांच्याकडे एक माझ्या नावाची आहे. मला माहितीच नव्हतं. २०१७ पासूनची. हमीपत्राच्या कॉपी, बसची तिकिटं, २९ युरोच्या पावत्या, सगळं.

म्हणाल्या, पेन्शनचा नवीन कागद यात मी जानेवारीतच लावून ठेवलाय, पुढच्या गुरुवारी ९:२० ची वेळ मिळतेय, शेजारच्यांना सांगते गाडीने सोडायला. मी म्हटलं तिकडे बर्फ आहे, डॉक्टरांनी जिने चढू नका सांगितलंय. त्या म्हणाल्या ऑफिस तळमजल्यावर आहे, मला माहितीये, मी जाऊन आलेय.

ओरिजिनल कुरियरने यायला आठवडा तरी लागेल. तोवर मी नवीन अपॉइंटमेंट शोधतेय, रात्री बाराला स्लॉट उघडतात असं कोणीतरी म्हणालंय, बघते जागून. आणि प्लीज, कमेंटमध्ये एजंटांचे नंबर टाकू नका.