बारा वर्षं अल्बम आला नाही, तरी लोक विसरले नाहीत

जुलै २०२० मध्ये स्पॉटिफाय या ऑनलाइन गाणी ऐकवणाऱ्या कंपनीचे तेव्हाचे प्रमुख डॅनियल एक यांनी एका मुलाखतीत सांगितलं की तीन-चार वर्षांतून एकदा रेकॉर्डिंग करायचं आणि तेवढं पुरेल असं समजायचं, हे यापुढे चालणार नाही. चाहत्यांशी सतत बोलत राहा, अल्बमभोवती गोष्ट उभी करा, मेहनत घ्या, असा एकूण रोख होता. आर.ई.एम. या अमेरिकी बँडच्या माइक मिल्ससारखे संगीतकार तेव्हाच संतापले. पण वाक्य विरून गेलं नाही. आज ते हितोपदेश म्हणून फिरतं, आणि घरच्या खोलीत गाणी रेकॉर्ड करून टाकणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींनाही तेच ऐकवलं जातं: थांबलात की संपलात. लोक विसरतात. थांबणारा एकतर आळशी असतो किंवा आतून आटलेला. चाहत्यांना ताटकळत ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. आणि काहीही म्हणा, आता काळच तसा आहे.

यातला शेवटचा मुद्दा मला अर्धा मान्य आहे. बाकीचे अजिबात नाहीत.

लोक विसरतात, हे आधी घेऊ. ब्रिटिश गायिका केट बुशचा एक अल्बम १९९३ मध्ये आला आणि त्यानंतरचा ‘एरियल’ थेट नोव्हेंबर २००५ मध्ये. मधल्या बारा वर्षांत कॅसेट मागे पडली, एमपीथ्री आलं, अख्खी रेकॉर्ड दुकानं बंद पडायला लागली. तिनं ना दौरा केला, ना ती सतत मुलाखती देत राहिली. ‘एरियल’ ब्रिटनच्या अल्बमविक्रीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर दाखल झाला. पुढे २०१४ मध्ये तिनं लंडनच्या हॅमरस्मिथ अपोलोमध्ये बावीस प्रयोग जाहीर केले. तिचा आधीचा आणि एकमेव दौरा १९७९ चा, म्हणजे मध्ये पस्तीस वर्षं गेलेली. तिकिटं साधारण पाव तासात संपली. त्या ऑगस्टमध्ये तिचे आठ अल्बम एकाच वेळी ब्रिटनच्या पहिल्या चाळिसात होते. तोवर कुठल्याही गायिकेच्या बाबतीत असं घडलं नव्हतं.

ती एकटीच नाही. ब्रिटिश गायिका शाडेचा अल्बम २००० मध्ये आला, पुढचा २०१० मध्ये. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात पाच लाखांवर प्रती खपल्या. टूल या बँडनं २००६ नंतर २०१९ पर्यंत अल्बम दिला नाही. दिला तेव्हा तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आला, टेलर स्विफ्टचा अल्बम एका आठवड्यात खाली सरकवून. त्यातलं दहा मिनिटांहून मोठं गाणं हॉट हंड्रेडमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या शंभर लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, शिरलं. एवढं लांब गाणं त्या यादीत याआधी कधीच आलं नव्हतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: हे सगळे आधीच नावाजलेले होते. बरोबर आहे. पण मूळ दावा त्यांच्याबद्दलच होता. पूर्वी ज्यांचं चांगलं चाललं त्यांतल्या काहींचं आता चालणार नाही, असंच तर त्या मुलाखतीत म्हटलं होतं.

आळसाच्या आरोपावर मला जास्त बोलायचं आहे, कारण तो सर्वांत जास्त दुखावणारा आहे, आणि तो करणारे अल्बम कसा तयार होतो याचा विचारच करत नाहीत.

१९७८ पाहा. केट बुश तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची. फेब्रुवारीत पहिला अल्बम आला, त्यातल्या गाण्यानं ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक गाठला. स्वतः लिहिलेलं गाणं तिथवर नेणारी ती पहिलीच बाई. कंपनीला लगेच दुसरा अल्बम हवा होता, आणि तो नोव्हेंबरमध्ये आलाही. सतत चाहत्यांसमोर राहा, हा सल्ला तिनं त्या एका वर्षात अगदी तंतोतंत पाळला म्हणा ना. परिणाम काय झाला? दुसऱ्या अल्बमसाठी नव्यानं लिहायला वेळच मिळाला नाही. त्यातली तीनच गाणी नवी, बाकीची आधीची शिल्लक. घाईबद्दलची नाराजी तिनं नंतर उघड बोलून दाखवली. मी तो अल्बम आवडीनं ऐकतो, पण त्यात पहिल्याच्या पुढे गेलेलं फारसं काही सापडत नाही.

आता त्यापुढचं पाहा. १९८२ चा अल्बम तिनं स्वतः निर्माती म्हणून केला. भाड्याच्या स्टुडिओत घड्याळाकडे बघत काम करायचं नाही, असं ठरवून तिनं कुटुंबाच्या शेतघरात स्वतःचा स्टुडिओ बांधला. फेअरलाइट नावाचं, कुठलाही आवाज नोंदवून वाजवू देणारं यंत्र तिच्या हाताशी होतं. तिथे ती ताल रचायची, पुसायची, पुन्हा रचायची. पुढचा अल्बम ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ सप्टेंबर १९८५ मध्ये आला. मध्ये तीन वर्षं गेली, म्हणजे नेमकं तेच अंतर जे आता चालणार नाही असं सांगितलं जातं. तिचं सर्वांत टिकलेलं काम त्या तीन वर्षांचं आहे.

‘एरियल’च्या आधीच्या बारा वर्षांतही रिकामपण नव्हतं. आई १९९२ मध्ये गेली. १९९८ मध्ये मुलगा झाला, आणि ती गोष्ट तिनं इतकी खाजगी ठेवली की बाहेर कळायला दोनेक वर्षं गेली. अल्बमचं काम मध्येमध्ये चालूच होतं. वाद्यवृंदाची मांडणी करणारे मायकेल केमन २००३ मध्येच वारले, अल्बम येण्याच्या दोन वर्षं आधी. त्या अल्बममध्ये काय आहे, तर मुलावरचं गाणं, धुण्याच्या यंत्राभोवती फिरणारं एका बाईचं मन, आईची आठवण, आणि पूर्ण दुसरी तबकडी भरून एक उन्हाळी दिवस, दुपारपासून दुसऱ्या पहाटेपर्यंत, पाखरांच्या आवाजांसकट. हे १९९५ मध्ये लिहिता आलं असतं का? तेव्हा तो मुलगाच जन्मला नव्हता.

कधी कारण याहून रूक्ष असतं. टूलच्या तेरा वर्षांतली कितीतरी वर्षं २००७ पासूनच्या कोर्टकज्जात अडकली. प्रकरण मिटलं २०१५ मध्ये. अमेरिकी गायक डिअँजेलोच्या २००० आणि २०१४ च्या अल्बमांच्या मधल्या काळात व्यसन होतं, २००५ चा गाडीचा अपघात होता. बाहेरून सगळी शांतता सारखीच दिसते. आत कोण आजारी आहे, कोण मूल वाढवतंय, कोण वकिलांकडे खेपा घालतंय आणि कोण एकाच ओळीवर वर्षभर अडलंय, हे आपल्याला ठाऊक नसतं. ठाऊक नसताना आळशी म्हणू नये, एवढं तरी पाळता येईल.

उलट टोकही खरं नाही. वेळ घेतला म्हणजे काम थोर होतंच, असं मी म्हणत नाही. गन्स अँड रोझेसचा ‘चायनीज डेमॉक्रसी’ वर्षानुवर्षं लांबत २००८ मध्ये आला आणि अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर थांबला. याच बँडच्या १९९१ च्या जोड-अल्बमांनी एकाच वेळी पहिले दोन क्रमांक घेतले होते. म्हणजे चाहते वाट बघतात, पण केवळ वाट बघायला लावली म्हणून काहीही डोक्यावर घेत नाहीत.

इथेच चाहत्यांवरच्या अन्यायाचा मुद्दा कोसळतो. त्यात चाहता म्हणजे हात पसरून बसलेला कुणी, असं गृहीत धरलं आहे. केट बुशच्या चाहत्यांनी १९८२ मध्ये ‘होमग्राउंड’ नावाचं स्वतःचं मासिक सुरू केलं. ते नव्या अल्बमवर अवलंबून नव्हतं; बारा वर्षांच्या त्या काळातही चालूच राहिलं. एकेका ओळीवर लेख, एकेका आवाजावर वाद. ब्रायटनमध्ये २०१३ साली लोक तिच्यासारखे लाल पोशाख घालून उघड्या मैदानात तिच्या पहिल्या गाण्यावर एकत्र नाचले, आणि २०१६ पर्यंत हा प्रकार जगातल्या कितीतरी शहरांत पोचला. तिनं सांगितलं म्हणून नव्हे. त्यासाठी कुणी ‘सतत संपर्क’ ठेवलेला नव्हता. एखादं गाणं वीस वर्षं ऐकणाऱ्या माणसाला त्यातला बेस कुठे थांबतो तेही पाठ असतं. दर सहा आठवड्यांनी नवं गाणं समोर आलं तर इतकं ऐकणं कुणाला जमणार आहे?

राहिला काळ. हा मुद्दा मी अर्धा मान्य करतो, आणि त्या अर्ध्याबद्दल मला राग आहे. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी एकूण जमा पैशांतला वाटा एकूण ऐकण्यातल्या वाट्यानुसार जातो. तीस सेकंद ऐकलं की एक मोजलं जातं. २०२४ पासून वर्षाला हजाराच्या खाली ऐकल्या गेलेल्या गाण्याला तिथे काहीच मिळत नाही. या हिशेबात थांबणाऱ्याचा वाटा आपोआप घटतो. केट बुश थांबू शकली, कारण तिच्याकडे स्वतःचा स्टुडिओ होता आणि जुन्या गाण्यांची रॉयल्टी येत होती. आज पंचविशीतल्या मुलीला तिसऱ्या अल्बमसाठी तीन वर्षं घ्यायची असतील, तर तिचं घरभाडं त्यातून निघणार नाही. हे खरं आहे. पण याला श्रोत्यांचा विसराळूपणा म्हणणं खोटं आहे. श्रोते कसे वागतात ते २०२२ मध्ये दिसलं. ‘हाउंड्स ऑफ लव्ह’मधलं पहिलं गाणं एका मालिकेत वाजलं आणि जूनमध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. १९८५ मध्ये ते तिसऱ्यापर्यंतच पोचलं होतं. मध्ये सदतीस वर्षं गेली, आणि ते वर नेणाऱ्यांत तेव्हा जन्मलेलीही नसलेली मुलं होती, ऐकत होती ती स्ट्रीमिंगवरच.

तेव्हा नव्या गायिकेला सल्ला द्यायचाच असेल तर तो नीट शब्दांत द्यावा. ‘सध्याच्या दरांत तुला थांबणं परवडणार नाही,’ असं म्हणावं. ‘लोक थांबत नाहीत’ असं म्हणू नये. दोन्हींत फरक एवढाच नाही की एक खरं आणि एक खोटं. पहिल्या वाक्यात पैसे वाटण्याची पद्धत ठरवणाऱ्यांना प्रश्न विचारता येतो, आणि २०२० मध्ये तो सल्ला देणारे गृहस्थ त्यांच्यातलेच एक होते.