आवाज कुणाचा?

काल कट्ट्यावर परत तोच विषय, एआय आणि आवाज. सुरुवात आमच्या डबिंगवाल्याने केली, तो जाहिराती, कार्टून, सीरियल जे मिळेल त्याला आवाज देतो, नाव कुणालाच माहीत नाही पण आवाज सगळ्यांनी ऐकलाय. म्हणे माझ्याच आवाजातून मशीन बनवणार, माझंच काम त्याला देणार आणि मला दमडी नाही, ही चोरी नाही तर काय?

वकीलसाहेब तयारच होते. अरे कोर्ट आहे ना, 2024 ला मुंबई हायकोर्टाने अरिजित सिंगच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, विनापरवानगी त्याच्या आवाजाचं क्लोनिंग, म्हणजे एआयने हुबेहूब नक्कल, बंद, 2025 ला आशाताईंनाही तसंच संरक्षण मिळालं. आणि एआय नव्हतं तेव्हाची गोष्ट, अमेरिकन गायिका बेट मिडलरने गायला नकार दिला म्हणून फोर्डच्या जाहिरातवाल्यांनी तिच्याच एका जुन्या कोरस गायिकेकडून हुबेहूब तसं गाऊन घेतलं, तर 1988 ला अमेरिकेतल्या अपील कोर्टाने सांगितलं की हे चालणार नाही.

'यात माझ्यासारखा एक तरी आहे का?' डबिंगवाल्याने विचारलं. मुद्दा बरोबर होता, कारण मिडलरच्या निकालातच अट आहे की आवाज वेगळा आणि सर्वदूर ओळखीचा पाहिजे. म्हणजे आधी फेमस व्हा मग या! कॉपीराइट कायद्यात कलाकारांचे हक्क आहेत, 2012 च्या दुरुस्तीनंतर जास्तच, पण ते सादरीकरणाला आहेत, गळ्याला नाहीत, आणि क्लोन कुठलंच जुनं रेकॉर्डिंग वाजवत नाही, तो नवीनच वाक्य बोलतो. हे वकिलानेही मान्य केलं, जरा कुरकुरत.

मग मी न्यूयॉर्कच्या जोडप्याची केस सांगितली. दोघंही व्हॉइस आर्टिस्ट, ऑनलाइन छोटं काम घेतलं, त्यांच्या म्हणण्यानुसार आवाज फक्त संशोधनासाठी वगैरे वापरणार असं सांगितलं होतं, आणि नंतर एकदा गाडीत पॉडकास्ट लावला तर त्यात नवऱ्याचाच आवाज, विषय काय तर एआयमुळे मनोरंजन क्षेत्रातल्या नोकऱ्यांचं काय होणार! 2024 ला त्यांनी लोव्हो या एआय आवाज बनवणाऱ्या कंपनीवर केस केली, पुढच्या वर्षी कोर्टाने कॉपीराइटचे बरेचसे दावे उडवले पण करार मोडल्याचा आणि न्यूयॉर्कच्या कायद्याखालचा भाग चालू ठेवला.

इंजिनीयर इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला सगळं क्लोनिंग वाईट कसं, रहमानने 2024 ला 'लाल सलाम' या तमिळ सिनेमात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज वापरलेच ना, घरच्यांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. तसं बघितलं तर मिमिक्रीवालेही हेच करतात. यावर डबिंगवाला भडकलाच, मिमिक्रीवाला एका वेळी एकाच स्टेजवर असतो रे, आणि लोकांना कळतं की नक्कल चाललीय, तुझं टूल एकाच रात्रीत शंभर जणांचं काम उरकतं!

मला विचाराल तर रहमानचं उदाहरण डबिंगवाल्याच्याच बाजूचं आहे. आधी विचारलं, पैसे दिले, कुठल्या गाण्यासाठी ते ठरलं. हॉलिवूडचे नट 2023 मध्ये 118 दिवस संपावर होते, त्यांच्या मागण्यांत एआय मोठा मुद्दा होता, आणि करारात शेवटी तेच आलं, डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती, मोबदला आणि वापर कशासाठी याचा उल्लेख. त्यामुळे 'सर्व माध्यमांत, सर्व काळासाठी' असलं कलम दिसलं की सहीच करायची नाही, असं वकील म्हणाला. डबिंगवाला म्हणे मी नाही केली तर मागचा करतो, घरभाडं तू भरणार का? म्हणून तर युनियन लागते, एकट्यादुकट्याचं काम नाही हे.

इंजिनीयरने शेवटचं अस्त्र काढलं. समजा एकाचा क्लोन केलाच नाही, दहा हजार लोकांचे आवाज मिसळून नवाच आवाज बनवला, तर वाटा कुणाकुणाला देणार, हिशोब कोण ठेवणार?

'दहा हजार फाइल्स गोळा करताना बरा ठेवला होतास हिशोब,' डबिंगवाला म्हणाला, 'तीच यादी काढ.'