हब मोटर ‘सीलबंद’ही नसते आणि ‘टाकाऊ’ही नसते

इलेक्ट्रिक सायकलींविषयीचा एक मजकूर सध्या बराच पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा, की हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसवलेली मोटर, कारखान्यातच कायमची बंद केलेली असते, तिच्यात झिजण्यासारखे काही नसल्यामुळे तिला देखभाल लागत नाही, पाण्याचा तिच्यावर परिणाम होत नाही, तिच्यावर जितके जास्त वॉट लिहिलेले तितकी ती भक्कम, आणि एवढे करूनही ती बंद पडली तर ‘मोटर जळाली’ असे समजून नवी बसवावी. यातल्या आधीच्या विधानांवर विसंबल्यामुळे चांगल्या मोटरी बिघडतात आणि शेवटच्या विधानामुळे सहज दुरुस्त होण्याजोग्या मोटरी भंगारात जातात.

‘झिजण्यासारखे काही नसते’ हे विधान एका प्रकारच्या मोटरीपुरते जवळजवळ खरे आहे. थेट चालणाऱ्या, म्हणजे बिनगिअरच्या मोटरीत फिरणारा भाग म्हणजे चाकाचे बाहेरचे कवचच असते. घर्षण होते ते दोन बाजूंच्या बेअरिंगमध्ये आणि बेअरिंग सहज बदलता येतात. गिअरच्या मोटरीची रचना मात्र अगदी निराळी असते. तिच्या आतला रोटर, म्हणजे फिरणारा भाग, चाकाच्या साधारण पाचपट वेगाने फिरतो, तो वेग बहुधा नायलॉनच्या तीन ग्रहगिअरांमधून, म्हणजे मधल्या गिअरभोवती बसवलेल्या गिअरांमधून, कमी होतो आणि एकाच दिशेने पकडणाऱ्या क्लचमार्फत चाकाला मिळतो. नायलॉन वापरतात ते आवाज कमी व्हावा म्हणून, आणि अचानक झटका बसला तर महागड्या भागांऐवजी त्याचे दात जावेत म्हणूनही. मोटर तापली की नायलॉन मऊ पडते. त्यामुळे चढावर दमवलेल्या मोटरीचे दात आधी गोलसर होतात आणि मग तुटतात. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण चाक ओढले जात नाही, अशी तक्रार असेल तर दोष या दातांत किंवा क्लचमध्ये शोधावा. गिअर झिजले म्हणून पोलादी गिअर बसवण्याचा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही, कारण आवाज वाढतो तो वाढतोच, शिवाय नायलॉन जो झटका सोसत होते तो पुढे क्लचवर जातो. नवे नायलॉनचे गिअर आणि नायलॉनला चालणारे ग्रीस पुरेसे असते.

पाण्याविषयीचा गैरसमज अधिक नुकसान करतो. मोटरीची केबल पोकळ एक्सलमधून आत जाते, कवचाची झाकणे स्क्रूने बसवलेली असतात आणि एक्सलभोवती बेअरिंगचे किंवा रबराचे सील असते. यांपैकी कोणतीही जागा हवाबंद नसते. मोटर तापते तेव्हा आतली हवा प्रसरण पावून बाहेर पडते. अशी गरम मोटर पावसात किंवा धुताना एकदम थंड झाली, की आतला दाब कमी होतो आणि सीलच्या फटीतून, कधी केबलच्या आवरणातूनही, ओलावा आत ओढला जातो. आत आलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. स्टेटरच्या, म्हणजे तांब्याचे वेढे असलेल्या स्थिर भागाच्या, लोखंडी पत्र्यांवर गंज चढतो. स्टेटर आणि चुंबके यांच्यातली फट मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी असल्यामुळे गंजाचे पापुद्रे तिथे घासू लागतात, आणि चुंबकांची जागा ओळखणाऱ्या हॉल सेन्सरचे बारीक पाय हिरवे पडून तुटतात. खोक्यावर छापलेला आयपी अंक, म्हणजे धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा, नव्या वस्तूच्या चाचणीचा असतो. त्यातला दुसरा अंक पाण्याविषयी असतो: ४ शिंतोड्यांसाठी आणि ५ पाण्याच्या झोतासाठी. वर्षभर तापणे-निवणे सोसलेल्या सीलविषयी तो काहीच सांगत नाही. उपाय साधा आहे. केबल एक्सलमधून बाहेर आल्यावर आधी खाली झुकवून मग वर न्यावी, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून पडते. पाण्याचा जोरदार फवारा हबवर मारू नये. ज्या मोटरीची केबल एक्सलच्या टोकातून सरळ बाहेर येते, तिची केबल सायकल आडवी पडताच चेमटते आणि पाणीही तिथूनच शिरते. विकत घेताना ही जागा मी सर्वांत आधी पाहतो.

वॉटच्या आकड्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. मोटर किती शक्ती घेणार हे बॅटरी आणि मोटर यांच्यामधला कंट्रोलर ठरवतो. ३६ व्होल्ट आणि १५ अँपिअरवर जी मोटर बॅटरीकडून ५४० वॉट घेते, तीच ४८ व्होल्ट आणि २५ अँपिअरवर १२०० वॉट घेईल, मग तिच्यावर काहीही छापलेले असो. खरा प्रश्न ती किती उष्णता सोसू शकते हा आहे, आणि वाइंडिंगमधली, म्हणजे तांब्याच्या वेढ्यांमधली, उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट होते. तांबे १०० अंशांनी तापले की त्याचा रोधही सुमारे ३९ टक्के वाढतो, म्हणजे तापलेली मोटर आणखी वेगाने तापते. सायकल आणि स्वार मिळून १०० किलो वजन १० टक्के चढावर ताशी ८ किलोमीटरने न्यायला चाकाशी फक्त २२० वॉटच्या आसपास शक्ती लागते. पण २६ इंची चाक तेव्हा मिनिटाला जेमतेम ६५ फेरे घेते आणि इतक्या कमी वेगात बॅटरीकडून घेतलेल्या शक्तीचा मोठा हिस्सा उष्णता होऊन आतच राहतो. निओडिमियम चुंबकांच्या साध्या प्रतीची मर्यादा ८० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ती ओलांडली तर चुंबकत्व कायमचे कमी होऊ शकते. तेव्हा मोठ्या आकड्याऐवजी मोटरीत तांबे किती आहे, स्टेटरचे पत्रे किती पातळ आहेत, फेजच्या, म्हणजे मोटरीला वीज नेणाऱ्या तीन, वायरी किती जाड आहेत आणि आत तापमानाचा सेन्सर दिलेला आहे का, हे विचारावे.

‘भक्कम’ हा शब्द तर एक्सलच्या बाबतीत जपूनच वापरायला हवा. मोटर चाकाला जितक्या जोराने पुढे फिरवते, तितक्याच जोराने एक्सलला उलटे फिरवू पाहते, आणि त्याला रोखतात त्या एक्सलच्या दोन सपाट बाजू, ज्यांच्यातले अंतर बहुधा १० मिलिमीटर असते. ४० न्यूटन-मीटरचा पीळ या १० मिलिमीटरवर पेलायचा म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे ४००० न्यूटन, अर्थात ४०० किलो वजनाइतका दाब. ओतीव अ‍ॅल्युमिनियमची खाच, म्हणजे फ्रेममध्ये किंवा फोर्कमध्ये एक्सल बसतो ती जागा, हा दाब रोज सोसू शकत नाही. नट किंचित ढिला झाला की एक्सल खाचेत मागेपुढे हलू लागतो, खाच रुंदावते, आणि एके दिवशी तो पूर्ण फिरून केबलला पीळ घालतो. त्या पिळात फेजच्या वायरी एकमेकींना चिकटतात, कधी कंट्रोलरही जातो. पुढच्या फोर्कमधल्या मोटरीत चाकच निसटू शकते. ब्रेक लावताना वीज परत घेणाऱ्या मोटरीत पीळ आलटून पालटून दोन्ही दिशांनी बसतो, त्यामुळे नट अधिक लवकर सुटतात. पोलादी टॉर्क आर्म, म्हणजे एक्सलला धरून फिरू न देणारी पट्टी, ही म्हणूनच चैनीची वस्तू मानू नये. स्पोकचेही तसेच आहे: मोठ्या हबला फार जाड स्पोक लावले की रिमला झेपेल एवढ्या ताणाने ते पुरेसे ताणले जात नाहीत, ढिले राहून दर फेऱ्याला वाकतात आणि हबजवळच्या वाकलेल्या टोकाशी तुटतात. योग्य ताण दिलेले १३ किंवा १४ गेजचे, म्हणजे त्यांहून बारीक, स्पोक अधिक टिकतात.

आता ‘जळाली’ या निदानाकडे येतो, कारण सर्वांत अधिक अन्याय इथे होतो. सायकल धक्के देत थरथरते किंवा जागची हलत नाही, एवढ्यावरून मोटर जळाल्याचा निर्णय दिला जातो. अशीच एक मोटर मी दुसऱ्याच्या अडगळीतून उचलून आणली होती. तिच्या कनेक्टरमधली फेजची एक पिन वितळून सैल झाली होती, आणि तेवढी बदलताच ती पुन्हा चालू लागली.

तपासणीचा क्रम सोपा आहे. चाक उचलून हाताने फिरवावे. गिअरची मोटर असेल तर उलटे, कारण पुढच्या दिशेने क्लच मोकळा सुटतो आणि आतले काही कळत नाही. चाक जड, अडखळत फिरत असेल तर मोटरीचा कनेक्टर काढून पुन्हा फिरवावे. जडपणा गेला तर मोटर ठीक आहे आणि कंट्रोलरमधला एखादा मोसफेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, शॉर्ट झालेला आहे. जडपणा राहिला तर फेजच्या वायरी एक्सलपाशी सोलल्या आहेत का ते पाहावे, आणि मल्टिमीटरने प्रत्येक फेज व एक्सल यांच्यात जोड दाखवते का ते तपासावे. दाखवता कामा नये. फेजा-फेजांमधला रोध ओहमच्या अंशाएवढा असतो, म्हणून साध्या मल्टिमीटरने वाइंडिंगमधला आतला शॉर्ट पकडता येत नाही. तो हाताला जाणवणाऱ्या त्या जडपणावरूनच कळतो.

चाक हलके फिरते पण मोटर थरथरते, असे असेल तर हॉल सेन्सर पाहावेत. कनेक्टर जोडलेला ठेवून, लाल आणि काळ्या बारीक वायरींमध्ये सुमारे ५ व्होल्ट येतात याची खात्री करावी, मग काळ्या वायरीच्या संदर्भाने पिवळी, हिरवी आणि निळी यांवरचा व्होल्टेज चाक अगदी हळू फिरवत मोजावा. प्रत्येक वायर शून्य आणि ५ यांच्यामध्ये उड्या घेत असली पाहिजे; जी एकाच आकड्यावर अडून बसते तिचा सेन्सर किंवा तिची जोडणी गेलेली असते. तो सेन्सर बदलायला झाकण उघडून, जुना सेन्सर ज्या बाजूने बसवला होता ती बाजू नीट पाहून, त्याच जातीचा नवा सेन्सर डाग देऊन बसवावा लागतो. तिन्ही सेन्सर एकाच वेळी बदलणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण ओलावा आणि उष्णता तिघांनीही सारखीच सोसलेली असते.

या सर्व पायऱ्या पार करूनही जडपणा जात नसेल आणि झाकण उघडताच वॉर्निश करपल्याचा वास येऊन तांब्याचे वेढे काळे पडलेले दिसत असतील, तर मात्र वाइंडिंग खरोखरच गेलेले आहे. अशा वेळीही कवच, झाकणे, स्पोकसकट रिम आणि बहुतेकदा चुंबकेही शाबूत असतात, आणि त्याच मापाचा स्टेटर मिळाला तर तेच चाक पुन्हा उभे राहते.