नवी कल्पना रीतसर कशी जिरवावी

समजा, इंदूरच्या तुमच्या कॉलनीत कुणी उत्साही सभासद उठला आणि म्हणाला, ओल्या कचऱ्याचं खत आपण आवारातच करूया. विरोध करू नका. विरोध केलात की लोक कान टवकारतात, चौकशी करतात, आणि चौकशी करता करता एखादा करूनही बघतो. टाळ्या वाजवा, ठराव एकमताने मंजूर करा आणि समिती नेमा.

समितीचा प्रमुख जपून निवडा. एव्हरेट रॉजर्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1962 साली माणसांची वाटणी करून ठेवली आहे: नवं दिसलं की उडी घेणारे अडीच टक्के, त्यांच्या मागचे साडेतेरा, मग चौतीस, पुन्हा चौतीस, आणि शेवटी ढिम्म न हलणारे सोळा. आपल्याला हवा पहिल्या अडीच टक्क्यांतला. गच्चीवर सोलर कुकर, पाण्याच्या टाकीला स्वतः जोडलेला गजर. त्याचं कौतुक सगळे करतात, अनुकरण कुणी करत नाही. साडेतेरा टक्क्यांतल्या काकूंना मात्र सुगावा लागू देऊ नका; कैऱ्या कुठून घ्यायच्या हे अख्खी गल्ली ज्यांना विचारते, त्या काकू. त्यांच्या अंगणात खताचं पिंप आलं की महिन्याभरात शेजारच्या चार घरांत आलंच म्हणून समजा.

थोडंसं करून बघण्याची मुभा देऊ नका. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या मका शेतकऱ्यांनी हीच चूक केली. 1943 साली रायन आणि ग्रॉस यांनी छापलेल्या अभ्यासात 259 शेतकरी होते. संकरित बियाण्याची बातमी जवळपास निम्म्यांना विक्रेत्याकडून कळली, पण पटवण्यात सर्वांत मोठा वाटा होता शेजाऱ्यांचा. सुरुवातीला थोड्याशाच जमिनीत पेरून पाहिलं, आणि 1941 पर्यंत न पेरणारे फक्त दोघे उरले होते. म्हणून पहिल्याच दिवशी सक्ती करा: सगळ्या घरांचा सगळा ओला कचरा, सोमवारपासून.

आता मुख्य काम, पिंप बिघडवणं. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला घालायचा असतो, तो घालू नका. पाला वेगळा गोळा करून जाळून टाका. भाजीची देठं, चहाचा चोथा, उरलेली आमटी एकावर एक दाबा आणि झाकण घट्ट लावा. पाल्याशिवाय ढीग बसतो, हवा खेळत नाही, आणि हवेवाचून वाढणारे जिवाणू कामाला लागतात. काही दिवसांत सडक्या अंड्याचा वास, तळाला काळं पाणी, झाकण उघडलं की चिलटांचा ढग. मूठभर खत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा इतकीच ओल हवी, असं कुणी म्हणालाच, तर त्याला समितीत घ्या. तो पुन्हा बोलणार नाही. पिंप ठेवायचं ते फाटकाशी, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नाकासमोर. अपयश सर्वांना दिसलंच पाहिजे.

लोकांच्या समजुतींकडे काणाडोळा करा. पेरूतल्या लॉस मोलिनोस गावात पाणी उकळून प्या म्हणून दोन वर्षं दारोदार सांगितलं गेलं. सुमारे दोनशे कुटुंबांपैकी नव्याने पटलं अकरांना. तिथे उकळलेलं पाणी हे आजाऱ्याचं मानतात, हे आधी विचारायला हवं होतं. तुम्हीही विचारू नका की उष्टं-खरकटं, सोवळं-ओवळं याचं घरातल्या आजींनी काय करायचं. जंतूंवर तासभर भाषण ठेवा.

एक मुद्दा तर आपल्या बाजूने आयताच उभा आहे. कचऱ्याची गाडी दारात येते, गाणं वाजवते, ओला-सुका वेगळा घेऊन जाते. मग खत कशाला? प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचं रास्त उत्तर कुणाला देऊ देऊ नका.

इंदूरचा इतिहास जरा गैरसोयीचा आहे. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी इथे प्लेगच्या दिवसांत व्याख्यानं झोडली नाहीत. दिवाळीच्या मिरवणुकीत प्लेगचा भला मोठा उंदीर काढला आणि जाहीर केलं, मिरवणूक जिथे सर्वांत जास्त साफसफाई झाली असेल त्याच रस्त्यांवरून जाईल. घरं झाडूनपुसून लख्ख झाली. पुढे आले इंग्रज कृषिशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड. आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागी तेव्हा असलेल्या संस्थेत, यशवंत वाड यांच्या साथीने, काडीकचरा, शेण, राख आणि गोठ्यातली मूत्र मुरलेली माती थराथराने रचून, तीनदा उलथून, तीन महिन्यांत खत. 1931 साली दोघांनी ते छापलं, बाहेरच्यांना ढीग दाखवले, आणि ‘इंदूर पद्धत’ केनियाच्या कॉफीमळ्यांपर्यंत गेली. ढीग दाखवणं हाच त्यांचा अपराध. गणेशोत्सवात असला देखावा कुणी सुचवलाच, तर विषय पुढच्या वर्षासाठी राखून ठेवा.

इतकं करूनही एखाद्या पिंपात खत झालंच, काळं, भुसभुशीत, पावसाच्या मातीसारखा वास येणारं, तर ते कुंड्यांपर्यंत जाता कामा नये. पोत्यांत भरा, तोंडं शिवा, जिन्याखाली ठेवा आणि किल्ली खजिनदारांकडे द्या. वाटपाचे निकष ठरवायला उपसमिती लागेल.