काढ्यापेक्षा ताटाकडे पाहावे

दारू सोडल्यानंतर यकृत ‘साफ’ करण्यासाठी तुमच्याकडे छापून आलेल्या लेखात हळदीच्या गोळ्या आणि गुळवेलीचा काढा सुचवला आहे, त्याविषयी लिहितो. आम्ही सांगलीचे, म्हणजे हळदीच्याच पेठेतले; आमटीतल्या चिमूटभर हळदीला कोणाचीच हरकत नसावी, परंतु हळदीच्या तीव्र अर्काच्या गोळ्यांमुळे आणि गुळवेलीमुळेही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. माझ्या थोरल्या बंधूंनी दारू सोडली तेव्हा डॉक्टरांनी काढा बंद करायला लावला आणि वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने पोटात जातील असे जेवण, शिवाय रात्रभर उपाशी राहू नये म्हणून झोपण्यापूर्वी थोडे खाणे सांगितले. वहिनी रात्री दहा वाजता दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी पुढे ठेवत आणि दादा कुरकुरत का होईना, वाटी रिकामी करत. यकृतात नुसती चरबी साठली असेल तर ती काही आठवड्यांत उतरू शकते. सिरोसिसचे, म्हणजे यकृत कडक होऊन त्यात पडलेले कायमचे व्रण मात्र सहसा पूर्णपणे जात नाहीत. लेखात एक महत्त्वाची गोष्ट राहिली आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने स्वतःच्या मनाने एकाएकी दारू तोडल्यास फिट येऊ शकते, म्हणून पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावेत.