दोरीच्या कड्यांची शवपेटी
दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध लढलेले आर्चबिशप डेस्मंड टुटू २०२१ मध्ये गेले, त्यावरचा एक लेख आवडला. पण त्यात टुटूंच्या १९८४ च्या शांततेच्या नोबेलवर एवढं लिहिताना एक प्रसंग राहूनच गेला. १९९६ साली, वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगापुढे छळाची साक्ष ऐकताना अध्यक्षपदी बसलेले टुटू टेबलावर डोकं टेकवून रडले होते. नंतर मात्र त्यांना त्याचंच वाईट वाटलं, लोकांचं लक्ष पीडितांवरून आपल्याकडे वळलं म्हणून! (स्वतःकडे लक्ष वेधून घेणारे धर्मगुरू पैशाला पासरी मिळतात.) आणि शेवटी? पाइनच्या लाकडाची साधी पेटी, तीही सर्वांत स्वस्तातली हवी असं सांगून ठेवलेलं. उचलायला कड्यांऐवजी दोऱ्या, वर कार्नेशनच्या फुलांचा एक गुच्छ, बस्स. फोटो बघून गलबलून आलं. विनम्र आदरांजली.